पाचव्या पाकळीची वरची बाजू

ज्या दिवशी छपराचं काँक्रीट भरायचं होतं, त्या दिवशी ताईला गजराची गरजच पडली नाही. तयार होऊन ती आईच्या खोलीत डोकावली, तर पलंग रिकामा. आई बूट घालून दाराशी उभी.

"चल की," आई म्हणाली. "तिकडे भरूनसुद्धा होईल."

"अगं, अजून पंपही आला नसेल."

"मग तो यायच्या आत पोचू. पंप येतानाच बघायचाय मला."

आईची सगळी नोकरी इस्पितळात एक्स-रे काढण्यात गेली होती. निवृत्त झाल्यापासून रस्त्यात एखादं मोठं, गडगडणारं यंत्र दिसलं की ती हातातली पिशवी खाली ठेवून बघत उभी राहायची. आणि आज तर बघण्यासारखं पुष्कळ होतं. पोहण्याच्या तलावावरच्या छपराचं गणित लेकीनं मांडलेलं, आणि ते छप्पर बांधत होता लेक. निविदा उघडल्या आणि ठेका धाकट्याला मिळाल्याचं कळलं, तेव्हा ताईला धसकाच बसला होता. घरातला पडद्याचा दांडा लावतानाही ज्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ती दोघं मिळून सात पाकळ्यांचं छप्पर उभं करणार! पण झालं उलटंच. गेले कित्येक महिने दोघं रोज फोनवर बोलत होती, तेही हसत. आई मनातल्या मनात त्या छपराला दुवा देत होती.

छप्पर होतंही तसं देखणं. मधोमध काँक्रीटचं एक कडं आणि त्याला जोडलेल्या सात वाकड्या पाकळ्या. दोन पाकळ्यांच्या मध्ये उंच बरगडी. जाडी म्हणाल तर वीतभरही नाही. सहा पाकळ्या पालथ्या वाटीसारख्या फुगलेल्या, आणि पाचवी, दरवाज्यावरची, तेवढी वेगळी. ती एका अंगानं खाली दबत जायची आणि दुसऱ्या अंगानं वर उचलायची, घोड्याच्या खोगिरासारखी. आर्किटेक्टबाईंचा सगळा जीव त्या पाचवीत. अगदी शेवटी शेवटी त्यांनी तिच्यात उजेडासाठी एक गोल झरोका मागून घेतला होता आणि ताईनं कुरकुरत का होईना, तो दिला होता.

दोघी साइटवर पोचल्या तेव्हा पंपाची गाडी फाटकातून मागे मागे येत होती. आईनं टाळ्याच वाजवल्या. गाडीपुढे हातवारे करत धाकटा उलटा चालत होता. धाकटा हा नुसता नात्यानं; आवाज आणि अंगलट दोन्ही थोरल्याची.

"आई, हेल्मेट घाल आधी!" तो तिथूनच ओरडला. "आणि ताई, तू हसू नकोस, तुझंही वाकडं बसलंय."

"तुझं तर बसतच नाही, भोपळ्या," ताई म्हणाली.

आसपासचे दोघंतिघं फिटर फिस्सकन हसले. लहानपणी गोलमटोल होता म्हणून पडलेलं ते नाव साइटवर कुणी घ्यायचं नाही, असा धाकट्याचा हुकूम होता, आणि तो फक्त ताई मोडायची. तिला मात्र सगळे ताईच म्हणायचे. धाकटा म्हणतो म्हणून फिटर म्हणायला लागले, फिटर म्हणतात म्हणून पंपवाला. सळईवाल्यांचे म्होरके मामा तर तिच्या दुप्पट वयाचे, तेही ताईच म्हणायचे.

मिक्सरच्या गाड्या यायला अजून अवकाश होता. ताईनं आईला पत्र्याच्या केबिनमध्ये बसवलं, चहा दिला आणि लॅपटॉप उघडला. बाहेरचं छप्पर सेंटरिंगच्या, म्हणजे टेकू-फळ्यांच्या, जंगलावर आडवं पडलेलं होतं, त्यावर सळयांचं जाळं. खालून बघणाऱ्याला त्यातलं काही कळणं कठीण. पडद्यावर मात्र तेच छप्पर हवेत तरंगत होतं. ताईनं एक बटण दाबलं आणि ते हळूच वर-खाली व्हायला लागलं.

"अगंबाई, श्वास घेतंय!" आई म्हणाली.

"वजनानं किती वाकेल ते दाखवतंय. खरं तर इतकंसंच वाकणार, इथे शेकडो पटींनी वाढवून दाखवलंय. म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसावं म्हणून."

"आणि हे तू सगळं हातानं मांडलंस?"

आता हे कुणी विचारलं की ताईचं भान सुटायचं. कचेरीत कुणी विचारत नसे, आणि घरी सांगायला लागलं की नवरा मान डोलावत डोलावत झोपायचा. ती खुर्ची ओढून आईला खेटून बसली.

"हे बघ. आख्खं वाकडं छप्पर एका दमात सोडवता येत नाही. म्हणून त्याचे पृष्ठभाग पाडायचे, एक पाकळी म्हणजे एक पृष्ठभाग. मग संगणक त्याचे बारीक बारीक चौकोन करतो. आता गंमत अशी, की प्रत्येक तुकड्याला स्वतःच्या तीन दिशा असतात. स्वतःचं पुढे, स्वतःचं बाजूला आणि स्वतःचं वर."

"वर ते वर. त्यात स्वतःचं काय?"

"जमिनीवर बरोबर आहे तुझं. पण छप्पर वाकलेलं आहे ना! इथल्या तुकड्याचं वर असं सरळ, आणि कडेच्या तुकड्याचं वर असं तिरकं." ताईनं तळहात आडवा धरून कलता केला. "म्हणून ज्याला त्याला आपापलं माप. मग 'वरच्या बाजूला ताण आहे' असं म्हटलं, की त्या तुकड्याच्या मापानं वर."

"आणि ते वर ठरवतं कोण?"

"आपणच. पृष्ठभाग काढताना आपण एकेक कोपरा दाबत जातो. ज्या क्रमानं दाबले, त्या दिशेनं उजव्या हाताची बोटं वळवायची. अंगठा जिकडे, तिकडे वर."

आईनं लगेच उजव्या हाताची बोटं वळवली, अंगठा वर केला. मग क्रम उलटा धरून वळवली, तर अंगठा खाली गेला. तिला भारीच मजा वाटली. "म्हणजे आमच्या फिल्मसारखंच म्हण की. पालथी धरली की डाव्याचं उजवं. त्यासाठी आम्ही कोपऱ्यात खूण टाकायचो."

"खूण इथेही आहे. थांब, दाखवते तुला. फार सुंदर दिसतं."

एरवी या खुणा बंद असायच्या, कारण चालू केल्या की पडदा बाणांनी नुसता भरून जायचा. आज मात्र ताईनं त्या हौसेनं चालू केल्या. सगळ्या छपरावर एकदम लाल, हिरवे, निळे बाण उगवले. लाल सगळे कड्याकडे तोंड करून, हिरवे आडवे आणि निळे वर, गवताच्या पात्यांसारखे.

"अय्या," आई म्हणाली.

ताई छप्पर हळूहळू फिरवत होती. पहिली पाकळी, दुसरी, तिसरी, चौथी. निळं गवत दाट. पाचवी आली, आणि तिथं गवत नव्हतं.

लाल होते. हिरवे होते. निळा एकही नाही.

ताईचा हात थांबला. तिनं छप्पर उलटं केलं, तलावात उभं राहून वर बघावं तसं. पाचव्या पाकळीच्या पोटाखाली सगळे निळे बाण लोंबत होते.

"काय गं?" आईनं विचारलं. "तोंडाचा रंग का उडाला?"

तिचं डोकं भराभर मागे धावत होतं. झरोका मागितला तेव्हा पाचवी पाकळी पुसून नव्यानं काढली होती. कोपरे उलट्या क्रमानं दाबले गेले असणार. छपराचं वजन तर सरळ जमिनीकडेच जातं, त्याला पाकळीच्या 'वर'शी काही देणंघेणं नाही. म्हणून वाकणं बरोबर आलं, खांबांवरचा भार बरोबर आला, सगळ्या तपासण्या पार पडल्या. रंगीत नकाशात पाचवी वेगळ्या रंगाची दिसली होती खरी, पण तिथं खोगीर, तिथं झरोका, वेगळी दिसणारच, असं म्हणून सगळ्यांनी मान डोलावली होती. तिनंसुद्धा. पण सळया? जिकडे ताण, तिकडे जाड सळया. संगणकानं सांगितलं जाड सळया खाली, तिनं नकाशात काढल्या खाली, मामांनी इमानेइतबारे बांधल्या खाली. आणि त्या पाकळीचं 'खाली' म्हणजे खरं तर वर!

"आई, बस इथेच. उठू नकोस," असं म्हणून ती लॅपटॉप उघडाच छातीशी धरून पळाली.

धाकटा शिडीपाशी पंपवाल्याशी बोलत होता. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं पंपवाल्याला हातानंच थांबवलं.

"पाचव्या पाकळीच्या जाळ्या उलट्या आहेत," ताई म्हणाली. "जाड सळया वर हव्यात."

"नकाशात खाली आहेत."

"नकाशाच चुकलाय. माझा."

धाकट्यानं फाटकाकडे बघितलं. "ताई, पहिल्या गाड्या निघाल्यात. आपण पाचवीपासूनच सुरुवात करणार आहोत. थट्टा करत असशील तर आत्ताच सांग."

"मी थट्टा करतेय असं दिसतंय का, भोपळ्या?"

ते नाव तिनं भर साइटवर, इतक्या लोकांत घेतलं, पण या वेळी कुणीच हसलं नाही. धाकट्यानं तिच्या हातातून लॅपटॉप घेतला आणि लोंबणारे निळे बाण बघितले. त्याला त्यातलं कितपत कळलं कोण जाणे, पण तिचा आवाज त्याला लहानपणापासून कळत होता.

"थोरल्या साहेबांना फोन लाव," तो म्हणाला. "तोवर मी कुणाला वर चढू देत नाही."

थोरले साहेब म्हणजे ताईच्या कचेरीचे मालक. फोनवर 'हॅलो' म्हणण्यातही शब्द वाया घालवायचे नाहीत.

"साहेब, पाचव्या पाकळीचा झेड खाली आहे." झेड म्हणजे निळा बाण, एक्स म्हणजे लाल.

"बाकीच्यांचा?"

"वर. सगळ्यांचा बघितला."

"एक्स?"

"सातही पाकळ्यांचा कड्याकडे."

"वारा कसा लावला होतास? पाकळीच्या झेडनं की जमिनीच्या?"

वारा पाकळीच्या झेडनं लावला होता. म्हणजे सहा पाकळ्यांना वारा वर ओढत होता आणि पाचवीला खाली दाबत होता. "पाकळीच्या," ती कसंबसं म्हणाली.

"मग दिशा उलटवून पुन्हा सोडव. आणि नुसतं बाणांवर जाऊ नकोस. चौथी आणि पाचवी जिथे मिळतात त्या बरगडीपाशी बघ. मी निघालोच."

ताई केबिनकडे परतलीच नाही. सिमेंटच्या पोत्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून उभ्याउभ्यानंच तिनं पाचवीच्या दिशा उलटवल्या आणि गणित लावलं. पडद्यावरची पट्टी सरकायला लागली. धाकटा शेजारी उभा, मामा मागे उभे, आणि बसून राहा म्हटलेली आई कधीच येऊन सगळ्यांच्या पुढे उभी.

"बरगडीपाशी काय बघायचं?" धाकट्यानं विचारलं.

"चौथीत, बरगडीला लागून, वरच्या बाजूला ताण आहे. बरगडी ओलांडून पाऊल पाचवीत टाकलं की तोच ताण एकदम खालच्या बाजूला उडी कशी मारेल? काँक्रीट तर सलग आहे. कापडाची घडी इकडून ताणलेली असेल तर शिवणीच्या पलीकडेही त्याच बाजूनं ताणलेली असणार."

"मग आधी तो उडी मारत होता?"

"मारत होता. आणि आम्ही बघत होतो."

पट्टी भरली. रंग बदलले. चौथीतला निळसर पट्टा बरगडी ओलांडून, अगदी अलगद, न तुटता पाचवीत शिरला आणि झरोक्याला वळसा घालून पुढे गेला. नदीचं पाणी पुलाखालून जावं तसा. इतक्या महिन्यांत हे छप्पर तिनं किती वेळा बघितलं असेल, पण ते एकसंध असं आज पहिल्यांदाच दिसत होतं. भीती तशीच होती, पण तिच्यावर आनंदाची उकळी फुटली. तिनं धाकट्याचा दंड पकडला.

"हे बघ! हे बघ ना! कसं जुळलं!"

"जुळलं म्हणजे काय झालं?"

"म्हणजे आता बरोबर आहे! जाड सळया वर, बारीक खाली. आणि झरोक्याभोवती वर थोड्या जास्त, वाऱ्यासाठी."

धाकट्यानं हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं, पुन्हा घातलं. ताईला वाटलं, आता हा भडकणार. भडकला असता तरी तिनं ऐकून घेतलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत, लहानपणी विहिरीवरून उडी मारायच्या आधी यायची तशी चमक आली.

"पाचवीपासूनच सुरुवात करायला पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

ताईनं वर बघितलं. पाकळ्या सगळ्या सेंटरिंगवर टेकलेल्या होत्या, मध्ये बरगड्या होत्या. "कुठेच नाही. बरगडीवर थांबत गेलात तर कुठूनही चालेल."

"मग सहावीपासून सुरू करतो. सहा, सात, एक, दोन, तीन, चार. पाचवी शेवटी." तो मामांकडे वळला. "मामा, आम्ही चौथीपर्यंत पोचायच्या आत पाचवी उलटी करून हवी. जमेल?"

मामांनी वर पाचवीकडे बघितलं, मग आपल्या माणसांकडे. "सगळी माणसं मला देणार?"

"सगळी."

"आणि ताई वर येणार? कुठली कुठं ते बोटानं दाखवायला?"

"ताई वरच राहणार," ताई म्हणाली आणि शिडीकडे धावली.

पुढचा सगळा दिवस तिला नंतर तुकड्यातुकड्यांनीच आठवायचा. पंपाची नळी बरगडीच्या पलीकडे सहाव्या पाकळीवर काँक्रीट ओकत होती, व्हायब्रेटर गुरगुरत होते, आणि अलीकडे पाचवीवर वरची जाळी सोडून, खालच्या जाड सळया एकेक करून ओढून काढणं चाललं होतं. त्या वाकवलेल्या, सरळ निघायच्या नाहीत. दोघं इकडून, दोघं तिकडून, मधला ओरडायचा, "हां, सोडा!" मग ती सळई सापासारखी वळवळत बाहेर यायची. बारीक खाली, त्यावर खुर्च्या, म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे सळईचे आधार, आणि खुर्च्यांवर जाड. तारेच्या गाठी मारणाऱ्यांचे हात इतके भराभर चालत होते की डोळ्यांना दिसत नव्हते. ताई गुडघ्यांवर रांगत झरोक्याभोवती खडूनं खुणा करत होती. गुडघे सोलले होते, हेल्मेट अजून वाकडंच होतं, आणि तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

थोरले साहेब आले ते न बोलता शिडी चढले. वयाच्या मानानं बरेच लवकर. त्यांनी लॅपटॉपवर चौथी-पाचवीची बरगडी बघितली, मग खाली बसून स्वतःच्या हातानं जाळीतली अंतरं मोजली.

"साहेब, चूक माझी," ताई म्हणाली.

"नकाशावर सही माझी आहे," साहेब म्हणाले. "तो रंग मीही बघितला होता आणि झरोक्यावर ढकलून दिला होता. उद्यापासून कचेरीत कुठलंही काम बाण बघितल्याशिवाय बाहेर जाणार नाही. तू बघायचे. माझ्याही कामाचे." मग जरा थांबून, "सापडलं कसं?"

"आईला दाखवत होते."

साहेबांनी खाली बघितलं. खाली आई पंपवाल्याला काहीतरी विचारत होती आणि पंपवाला हातवारे करकरून तिला समजावून सांगत होता. "रोज आणत चल त्यांना," साहेब म्हणाले. ते हसले की काय, हे ताईला आजतागायत नक्की सांगता येत नाही.

नळी तिसरीवर आली. मग चौथीवर. धाकट्याचा आवाज जवळून यायला लागला. "मामा, आलो हं! मामा, दिसतोय मी!" मामा उत्तर देत नव्हते, त्यांच्या दातांत तार होती. चौथी भरून बरगडीशी आली तेव्हा पाचवीच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या गाठी मारायच्या राहिल्या होत्या. धाकट्यानं पंप थांबवला, ओल्या काँक्रीटवर टाकलेल्या फळ्यांवरून चालत आला आणि स्वतः खाली बसून गाठी मारायला लागला. कित्येक वर्षांत त्यानं हातात तार धरली नव्हती. ताईनं दुसऱ्या टोकाची धरली.

"तिरकी मारतोयस," ती म्हणाली.

"तू नकाशा तिरका काढतेस, मी गाठ तिरकी मारतो. खानदानी आहे."

ताईला इतकं हसू आलं की तिच्या हातातली तार सुटली. साहेबांनी सगळ्या पाकळीवरून एक चक्कर मारली, मान हलवली, आणि नळी पाचवीवर वळली. काँक्रीटचा पहिला लोट जाड सळयांमधून खाली उतरताना बघून फिटरांनी जो गलका केला, तो रस्त्यावरचे लोक थांबून ऐकत होते. उजेड होता तोवर पाचवीही घोटून झाली.

काँक्रीट पुरतं पिकल्यावर टेकू काढायचा दिवस आला. धाकट्यानं ठरवून दिल्याप्रमाणे कड्यापासून बाहेर, एकेक पाकळी फिरत, स्क्रू थोडे थोडे सैल करायचे होते. प्रत्येक पाकळीखाली सुईची तबकडी लावलेली. छप्पर किती खाली येतं ते सांगणारी. ते किती यायला हवं, त्याचे गणितातले आकडे ताईच्या हातात होते.

टेकू सैल होताना करकरले. मग एका क्षणी, कुणी काही न करता, पाचवीखालचा एक टेकू आपोआप हलका झाला आणि मामांच्या हातात आला. छपराला आता त्याची गरज नव्हती. सुया जराशा सरकल्या आणि थांबल्या.

"किती?" ताईनं विचारलं. तिला स्वतः बघवत नव्हतं.

धाकट्यानं तबकडीशी डोळा नेला. पुन्हा नेला. मग मामांना बघायला लावलं. "तू सांगितलं होतंस त्याहून केसभर कमी."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. केसभर कमी!" आणि त्या अवाढव्य माणसानं बहिणीला खांद्यावर उचलून रिकाम्या, कोरड्या तलावात गोल गोल फिरवलं. ती त्याच्या पाठीवर गुद्दे मारत ओरडत होती, "अरे सोड, भोपळ्या, सोड!" आणि फिटर आता बिनधास्त हसत होते.

वर छप्पर होतं. खाली त्याला काहीही टेकलेलं नव्हतं. झरोक्यातून उजेडाची एक गोल थाळी तलावाच्या तळाशी पडली होती, आणि त्या थाळीत आई जाऊन उभी राहिली. तिनं वर बघितलं, चारी बाजूंना बघितलं, मग दोन्ही पोरांकडे बघितलं.

"छान झालंय," ती म्हणाली. "पाणी कधी सोडताय?"